वाळूच्या थरातून जाणारे पाणी



घरोघर नळ येण्यापूर्वी आपल्याकडील कित्येक घरांत पाणी गाळण्याची एक साधी सोय असे. घडवंचीवर एकाखाली एक अशी तीन मडकी मांडलेली असत. वरच्या मडक्यात नदीचे गढूळ पाणी, मधल्यात वाळू व कोळसा, आणि तळाच्या मडक्यात थेंबाथेंबाने उतरणारे निवळ पाणी. ही रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी आज एक प्रश्न विचारणार आहे. वरच्या मडक्यात आता ओतलेले तांब्याभर पाणी तळाच्या मडक्यात केव्हा उतरेल?

प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. परंतु या तांब्याभर पाण्यात निळी शाई मिसळून पाहिले, तर असे दिसेल की, तळाशी निळा रंग एकाएकी येत नाही. प्रथम पाण्यावर निळसर झाक येते, ती हळूहळू गडद होते, मग तितक्याच हळू, किंबहुना त्याहूनही संथपणे, फिकी पडत जाते. एकाच वेळी ओतलेले पाणी एकाच वेळी खाली उतरत नाही. त्यातील काही भाग घाईने पुढे जातो, काही मागे रेंगाळतो, आणि वाटेत भेटलेल्या जुन्या पाण्याशी तो मिसळत जातो. कणांच्या थरातून वाहताना द्रव कसा मिसळतो व कसा पसरतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही. एखाद्या घराच्या परसात विहीर आहे, आणि तिच्यापासून वीस मीटरांवर शोषखड्डा आहे, असे समजा. जमीन वाळूची आहे. कोणी जाणकार हिशेब करून सांगतो की, खड्ड्यातील पाणी विहिरीपर्यंत पोहोचावयास पन्नास दिवस लागतील, आणि तेवढ्या अवधीत रोगजंतू बहुतेक मरून जातील. घरधन्याचे समाधान होते. परंतु पन्नास दिवस कोणत्या पाण्याला लागतील? पहिल्या थेंबाला, मधल्याला, की शेवटच्याला? या प्रश्नाच्या उत्तरावर त्या घरातील मुलांचे आरोग्य अवलंबून आहे.

प्रथम वाळूच्या थराची घडण पाहू. सारख्या आकाराच्या गोट्या एखाद्या भांड्यात ओतून ते भांडे चांगले हलविले, तरी सगळी जागा भरत नाही. शंभर भागांपैकी सुमारे ६४ भाग गोट्या व्यापतात आणि ३६ भाग रिकामे राहतात. फळवाला संत्री रचतो तशा नेमक्या रीतीने गोट्या रचल्या, तरीही २६ भाग मोकळे उरतातच. वाळूतील पाणी याच मोकळ्या जागांतून वाहते. या जागा म्हणजे सरळ नळ्या नव्हेत. कणाकणांमधील त्या अरुंद व रुंद पोकळ्या आहेत. प्रत्येक पोकळीला अनेक तोंडे आहेत, आणि प्रत्येक तोंड दुसऱ्या पोकळीत उघडते.

या वाहण्याचा मूलभूत नियम फ्रान्समधील दिजाँ या शहराचा अभियंता आंरी दार्सी याने शोधून काढला. आपल्या गावाला चांगले पाणी मिळावे म्हणून ज्याने आयुष्य वेचले असा हा मनुष्य. वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून त्याने मोजमापे घेतली आणि १८५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आपला निष्कर्ष मांडला. पाण्याच्या पातळीतील फरक दुप्पट केला की वाहणारे पाणी दुप्पट होते, आणि थराची लांबी दुप्पट केली की ते निम्मे होते, असा त्याचा सारांश सांगता येईल. भूजलशास्त्राची सारी इमारत आजही याच पायावर उभी आहे.

मात्र या नियमाने मिळतो तो प्रवाह संपूर्ण थराच्या क्षेत्रफळावर वाटलेला असतो. तो दिवसाला दहा सेंटीमीटर निघाला, तर पाणी दिवसाला दहा सेंटीमीटरच पुढे सरकते, असे समजणे ही पहिली चूक होय. पाण्याला सारे क्षेत्र मोकळे नाही. शंभरातील ३६ भागच मोकळे आहेत. तेव्हा त्या वाटांतून जाताना त्याला सरासरीने दिवसाला सुमारे २८ सेंटीमीटर धावावे लागते. अंतर तेच असले, तरी लागणारा काळ जवळजवळ एकतृतीयांश होतो. आणि हीदेखील सरासरीच झाली. खरी कथा पुढेच आहे.

एखाद्याला वाटेल की, शाई पाण्यात आपोआप पसरतेच. वाळूतही तसेच होत असेल. स्थिर पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचे रेणू इकडेतिकडे भटकत दूर जातात, या क्रियेस विसरण असे म्हणतात. ती खरी आहे. परंतु फार मंद आहे. मिठाचे उदाहरण घेतले, तर एक सेंटीमीटर पसरावयास सुमारे ९ तास लागतात. दहा सेंटीमीटरांना दहापट नव्हे, तर शंभरपट काळ, म्हणजे ३८ दिवसांच्या आसपास. एक मीटर पसरावयाचे तर दहा वर्षांहून अधिक काळ पाहिजे. वाळूच्या वाकड्या वाटांत तर याहूनही उशीर. तेव्हा आपल्या मडक्यातील शाई घटकाभरात जो फैलाव दाखविते, त्याचे कारण केवळ विसरण असू शकत नाही. तो फैलाव वाहण्यातूनच उत्पन्न होतो.

तो कसा, हे समजण्यासाठी पंढरीच्या वाटेवरील एखादी मोठी दिंडी डोळ्यांपुढे आणा. दिंडी एका गावाच्या वेशीत एकदम शिरली. परंतु गावात एक राजरस्ता नाही, असंख्य गल्ल्या आहेत. जो वारकरी रुंद गल्लीला लागला तो झपाट्याने पुढे गेला. जो अरुंद बोळात शिरला त्याची गती खुंटली. एकाच गल्लीतही मधून चालणारा मोकळेपणाने चालतो आणि भिंतीला घासून चालणारा मागे पडतो. शिवाय कोणाची वाट सरळ, तर कोणाची वळणावळणाची. गल्ल्या पुन्हापुन्हा चौकात मिळतात, तेथे गर्दीची सरमिसळ होते आणि लोक पुन्हा नव्या गल्ल्यांत वाटले जातात. पलीकडच्या वेशीत उभे राहून पाहणाऱ्याला काय दिसेल? प्रथम तुरळक वारकरी, मग दाट समुदाय, आणि शेवटी पुन्हा तुरळक, रेंगाळलेले लोक.

वाळूतील पाण्याचेही असेच आहे. पोकळीच्या मध्यावरील पाणी वेगाने जाते, कणाला चिकटून असलेले जवळजवळ थांबते. रुंद पोकळीतील वेग अरुंद पोकळीतील वेगाहून कितीतरी अधिक असतो. आणि प्रत्येक कणापाशी प्रवाह दुभंगतो व दुसऱ्या प्रवाहास मिळतो. या तीन कारणांनी एकत्र निघालेले पाणी विखुरते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील गणिती चार्ल्स स्लिक्टर याला हे प्रत्यक्ष भूमीत दिसून आले. जमिनीखालील पाण्याचा वेग मोजण्यासाठी तो एका नळविहिरीत नवसागर टाकी आणि प्रवाहाच्या दिशेने खाली असलेल्या दुसऱ्या नळविहिरीत विजेच्या साहाय्याने क्षार केव्हा पोहोचतो हे पाही. क्षार एकदम येऊन थडकेल अशी अपेक्षा असावयाची; परंतु विजेचा प्रवाह हळूहळू चढत जाई. १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालात त्याने याचे कारण दिले, ते पोकळ्यांच्या मध्यावरील वेगवान धारा आणि कणांभोवती होणारी वाटांची सततची फाटाफूट हेच होते.

आता या फैलावाचे माप काय? येथे एक सुंदर अंकगणित उपयोगी पडते. नाणे हजार वेळा उडविले, तर छाप व काटा सारखे पडत नाहीत; परंतु दोहोंतील फरकही हजाराच्या प्रमाणात नसतो, तर हजाराच्या वर्गमुळाच्या, म्हणजे सुमारे ३२ च्या आसपास राहतो. पाण्याचा कण प्रत्येक पोकळीत असेच नाणे उडवितो, असे मानता येईल: कधी एक पाऊल पुढे, कधी एक पाऊल मागे. वाळूचा कण एक मिलिमीटरचा आणि थर एक मीटरचा असेल, तर वाटेत हजार पोकळ्या लागतात, आणि फैलाव सुमारे ३२ कणांइतका, म्हणजे तीन सेंटीमीटरांच्या जवळपास होतो. थर चार मीटरांचा केला, तर फैलाव चौपट न होता दुप्पटच, म्हणजे सहा सेंटीमीटर होतो. शंभर मीटरांनंतरही तो ३२ सेंटीमीटरच भरेल. प्रत्येक पोकळीत पाणी पूर्णपणे ढवळले जाते अशा आदर्श कल्पनेचा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात द्रवाच्या बाबतीत तो काहीसा अधिक भरतो. परंतु वर्गमुळाचा नियम तोच राहतो.

हा झाला प्रवाहाच्या दिशेतील फैलाव. आडव्या दिशेस पाणी त्या मानाने फारच थोडे पसरते. वेगाने वाहणाऱ्या द्रवासंबंधीच्या प्रयोगांवरून असे आढळते की, आडवा फैलाव उभ्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. वर सांगितलेल्या एक मीटरच्या थरात तो सव्वा सेंटीमीटरच्या आसपास निघेल. म्हणून एका ठिकाणी सोडलेला रंग वाळूत गोल ढगाप्रमाणे न फुगता एखाद्या लांबट पिसासारखा ताणला जातो. या गोष्टीस व्यवहारात फार महत्त्व आहे. प्रवाहाच्या वाटेवर असलेली विहीर दूषित होते, आणि तिच्याहून जवळ परंतु बाजूला असलेली दुसरी विहीर कित्येकदा निर्मळ राहते. अंतर मोजण्यापूर्वी भूमीतील पाण्याचा उतार कोणीकडे आहे हे पाहिले पाहिजे, ते याचसाठी.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगावयास हवी. विसरण ही पसरविणारी क्रिया आहे. तेव्हा ती जितकी जलद तितका फैलाव मोठा, असे आपण समजू. परंतु केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९५३ साली बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवासंबंधी जे दाखवून दिले, ते नेमके याच्या उलट होते. नळीच्या मध्यावरील धारा जलद, कडेची मंद. रेणू जर आपल्या धारेतून हललाच नाही, तर मधला सदैव पुढे आणि कडेचा सदैव मागे राहील, आणि अंतर वाढतच जाईल. परंतु आडव्या विसरणामुळे रेणू कधी मध्यावर, तर कधी कडेला असा फिरत राहतो. प्रत्येकाच्या वाट्याला घाई व विलंब दोन्ही येतात आणि सर्वांची सरासरी जवळ येते. म्हणून, प्रवाह अगदीच संथ नसेल तर, आडवी भटकंती जितकी जलद, तितका लांबीतील फैलाव कमी. दिंडीतील लोक वारंवार गल्ल्या बदलीत राहिले, तर दिंडी फारशी विखुरणार नाही, हे त्याचेच दुसरे रूप होय. पुढे १९५९ साली फिलिप सॅफमन याने वाळूच्या पोकळ्या म्हणजे वेड्यावाकड्या नळ्यांचे जाळे आहे असे मानून ही विचारसरणी सच्छिद्र थरांना लावून दाखविली.

त्याच १९५३ साली पीटर डँकवर्ट्स या रसायन-अभियंत्याने या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे न फुटलेले सुरुंग निकामी करण्याच्या कामाबद्दल जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळविलेला हा गृहस्थ. त्याने सुचविले की, पाणी आत कोणत्या वाटेने गेले हे आपल्याला दिसत नसेल, तर नसो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाचे वय विचारावे, म्हणजे तो आत किती काळ राहिला हे पाहावे. एका क्षणी बाहेर पडणाऱ्या पाण्यात तरुण, मध्यम व वृद्ध असे सर्व वयांचे थेंब असतात. या वयांची वाटणी कळली की, थराच्या अंतरंगाविषयी पुष्कळसे कळले. मडक्याखाली उभे राहून शाईचा रंग केव्हा चढला व केव्हा उतरला याची नोंद ठेवणे म्हणजे हीच परीक्षा होय. आज रसायनांचे कारखाने, जलशुद्धीकरण केंद्रे आणि भूजलाचे अभ्यासक तिचा नित्य उपयोग करतात.

हा फैलाव कोठे नकोसा, तर कोठे हवासा असतो. वनस्पतींच्या रंगद्रव्यांचा अभ्यास करणारा रशियन शास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने १९०३ साली वॉर्सा येथे आपली एक नवी रीत वर्णन करून सांगितली. बारीक पूड भरलेल्या काचेच्या नळीतून त्याने पानांचा अर्क उतरविला, तेव्हा हिरवे व पिवळे रंग निरनिराळ्या पट्ट्यांत वेगळे झाले. हेच वर्णलेखन. येथे पट्टे जितके पसरतील तितके ते एकमेकांत मिसळून काम बिघडणार. म्हणून रसायनशास्त्रज्ञाला फैलाव अगदी थोडा हवा असतो. हॉलंडमधील व्हान डीम्टर व त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९५६ साली यासाठी एक समीकरण दिले. प्रवाह फार मंद ठेवला तर विसरणाने पट्टे रुंदावतात; फार जलद ठेवला तर कण व द्रव यांच्यातील देवघेव पुरी होत नाही; दोहोंच्या मध्ये एक योग्य वेग असतो. आणि कण जितके बारीक, तितके पट्टे रेखीव. हैदराबाद, वडोदरा व गोवा येथील औषधांच्या कारखान्यांत प्रत्येक औषधाची शुद्धता पाहण्यासाठी जी नळी वापरतात, तिच्यातील कण एका मिलिमीटरच्या शेकडोव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही सूक्ष्म असतात, ते याच कारणाने.

याउलट तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत उत्प्रेरकाच्या गोळ्यांनी भरलेल्या प्रचंड पात्रांतून तेल व वायू सोडतात. वडोदऱ्याजवळ कोयली येथे १९६५ साली सुरू झालेला कारखाना आपल्या परिचयाचा आहे. अशा पात्रात क्रियेमुळे उष्णता निर्माण होते. ती आडवी पसरली नाही, तर एखादी जागा अतिशय तापते आणि उत्प्रेरक निकामी होतो. तेथे अभियंत्याला आडवी सरमिसळ हवी असते. त्याची दुसरी काळजी भिंतीची. भिंतीलगत कण नीट बसत नाहीत, पोकळ्या मोठ्या राहतात आणि द्रव तेथून निसटतो. म्हणून पात्राचा व्यास कणाच्या निदान दहापट असावा, असा संकेत आहे.

असे निसटणे किती महाग पडते याची साक्ष जर्मनीतील आल्टोना या गावाने दिली आहे. १८९२ साली हांबुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि आठ हजारांहून अधिक लोक दगावले. हांबुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत असे. शेजारचे आल्टोना हांबुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे अधिक दूषित पाणी घेणारे. परंतु ते वाळूच्या गाळणीतून पाणी घेत असे, आणि ते त्या साथीतून बहुतांशी वाचले. पुढील हिवाळ्यात मात्र आल्टोनातही रोगी आढळले. रॉबर्ट कॉख याने शोध केला, तेव्हा एका गाळणीची वाळू थंडीने गोठून तिचे काम बिघडले होते, असे त्याला आढळले. बाकीच्या गाळण्या ठीक होत्या. परंतु जेथून पाणी नीट न गाळता निघून जाते अशी एक वाटही बाकीच्या साऱ्या वाळूचे काम व्यर्थ करू शकते. गाळणीचा वेग ताशी शंभर मिलिमीटरांहून अधिक नसावा, हा कॉखचा दंडक या अनुभवाच्याच काळातला आहे.

आता आपण परसातील विहिरीकडे परत येऊ. प्रयोगशाळेतील सारख्या वाळूत शंभर मीटरांनंतरही फैलाव हातभराचा होतो, असे आपण पाहिले. मग वीस मीटरांवरील विहिरीचा पन्नास दिवसांचा हिशेब थोडाफारच चुकेल, नाही का?

याचे उत्तर कॅनडातील बॉर्डन येथे झालेल्या एका प्रयोगाने दिले. १९८२ साली तेथील वाळूच्या भूस्तरात क्लोराइड, ब्रोमाइड इत्यादी पदार्थ मिसळलेले पाणी सोडण्यात आले आणि सुमारे ५००० ठिकाणांहून नमुने घेऊन त्याचा माग तीनएक वर्षे काढण्यात आला. पाणी दिवसाला सुमारे ९ सेंटीमीटर सरकत होते. ती वाळू पुष्कळशी एकजिनसी समजली जात होती. तरीही प्रवाहाच्या दिशेतील फैलाव दर्शविणारे माप सुमारे ३६ सेंटीमीटर निघाले. प्रयोगशाळेत हेच माप मिलिमीटरांत असते. म्हणजे शेकडोपटींचा फरक! आडव्या दिशेचे माप केवळ चार सेंटीमीटर होते.

हा फरक कोठून आला? निसर्ग वाळू चाळून भरीत नाही. एका पुराने जाड रेती आणली, दुसऱ्याने बारीक, तिसऱ्याने गाळ. या थरांतून पाणी निरनिराळ्या वेगाने धावते. प्रयोगशाळेत गल्ल्या कणाएवढ्या होत्या. भूमीत त्या हातभर जाड व कित्येक मीटर लांब असतात. दिंडी तीच, गाव मात्र फार मोठे.

हे माप हाती घेऊन विहिरीचा हिशेब पुन्हा मांडू. अंतर २० मीटर, सरासरी वेग दिवसाला ४० सेंटीमीटर, आणि फैलावाचे माप बॉर्डनसारखेच, म्हणजे ४० सेंटीमीटर धरू. खड्ड्यातून दूषित पाणी सतत झिरपत आहे. सरासरी पाण्याला ५० दिवस लागतील, हे खरेच. परंतु त्या दिवशी विहिरीपाशी आलेल्या पाण्यात दूषिताचा वाटा शून्यावरून एकाएकी चढत नाही. तो निम्म्यावर आलेलाच असतो. शंभरातील एक भाग तर ३२ व्या दिवसाच्या सुमारासच येऊन पोहोचतो. ४० व्या दिवशी तो शंभरात १३ होतो. आणि जवळजवळ पूर्ण दूषितता यावयास ७५ दिवस लोटतात. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती पन्नास दिवसांच्या प्रवासाइतका पट्टा राखून ठेवण्याची रीत आहे. त्या पन्नास दिवसांत जंतूंचा ऱ्हास व्हावा, हा तिचा हेतू. परंतु जे पाणी ३२ दिवसांत आले, त्यातील जंतूंना अठरा दिवस कमी मिळाले, हे विसरता कामा नये. आणि विषारी रसायन असेल, तर ते मरतही नाही. शंभरातील एक भागही पुरेसा घातक ठरू शकतो.

शेवटच्या थेंबाची कथा याहून निराळी आहे. समजा, घरधन्याने शहाणपणाने खड्डा बुजविला. विहीर दुसऱ्या दिवशी निर्मळ होईल काय? नाही. चिकणमातीच्या पट्ट्यांत व आंधळ्या पोकळ्यांत विसरणाने जे हळूहळू शिरले आहे, ते तितक्याच हळू बाहेर येते. ज्या मंदपणाची आकडेवारी आपण आरंभी पाहिली, तोच मंदपणा आता आडवा येतो. दूषित भूजल उपसून शुद्ध करण्याच्या कामांत हा अनुभव जगभर आला आहे. पाणी प्रथम झपाट्याने सुधारते, मग सुधारणा रेंगाळते. आणि उपसा थांबविला की दूषितता पुन्हा डोके वर काढते. बिघडावयास दिवस पुरतात, निवळावयास वर्षे लागतात.

तथापि हा फैलाव सदैव वैरीच असतो, असे नाही. वडोदरा शहराला महीच्या पात्रातील ज्या विहिरींतून पाणी मिळते, त्यांना तेथे फ्रेंच विहिरी असे म्हणतात. नदीच्या वाळूखाली आडव्या, सच्छिद्र नळ्या चहूबाजूंस पसरून त्यांतील पाणी मधल्या विहिरीत घेतात. जवळच्या वाळूतील तरुण पाणी आणि लांबचे वृद्ध पाणी तेथे एकत्र होते. त्यामुळे नदीत एखाद्या दिवशी घाण वाहून आली, तर ती विहिरीत एकदम न येता अनेक दिवसांवर वाटली जाऊन बोथट होते. थोडा वेळ टिकणाऱ्या संकटावर फैलाव हा उतारा आहे. सतत झिरपणाऱ्या घाणीवर मात्र त्याचा काही उपाय चालत नाही. ती पातळ होऊन, परंतु अखंड, येतच राहते.

एक सावधगिरीची सूचना देऊन मी हे भाषण आवरते घेतो. आजचा सारा हिशेब वाळूचा आहे. इंदूरची भूमी माळव्याच्या काळ्या कातळाची, हैदराबादची ग्रॅनाइटची, तर गोव्यात व बेळगावकडे पुष्कळ ठिकाणी जांभ्या दगडाची. तेथे पाणी कणांमधून कमी व भेगांतून अधिक जाते. एखादी मोकळी भेग शोषखड्ड्यापासून विहिरीपर्यंत गेली असेल, तर पहिले पाणी दिवसांत नव्हे, कदाचित तासांतही पोहोचेल. वाळूचे वीस मीटर आणि कातळाचे वीस मीटर ही एकच गोष्ट नव्हे.

तेव्हा विहीर व खड्डा यांतील अंतर पुरेसे आहे असे कोणी सांगितले, तर त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावे. भूमीखालचे पाणी कोणत्या दिशेस वाहते? जमीन वाळूची आहे की भेगांच्या कातळाची? आणि जो काळ सांगितला जात आहे, तो सरासरी थेंबाचा आहे की पहिल्या थेंबाचा? उत्तर सरासरीचे मिळाले, तर खड्डा आणखी दूर हलवावा, पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि तोवर ते उकळून प्यावे. घरातील मूल सरासरी पाणी पीत नाही; त्या दिवशी विहिरीत जे आले असेल तेच पिते.